चाक बांधून घेताना: हब, रिम आणि स्पोक कोणत्या क्रमाने निवडावेत

आधी डोळ्यात भरलेली रिम घ्यायची, मग तिच्या भोकांना जुळेल तो हब, म्हणजे चाकाचा मधला फिरता भाग, शोधायचा आणि शेवटी दुकानात जे शिल्लक असतील ते स्पोक भरायचे. कोल्हापुरात हौसेने बांधून घेतलेली कितीतरी चाकं याच क्रमाने तयार होतात आणि म्हणूनच त्रास देतात. पहिल्याच पावसाळ्यात मागचा एक स्पोक हबजवळच्या वाकात तुटतो. मिस्त्री तो बदलून देतो. थोड्या दिवसांनी शेजारचा तुटतो. मग कुणीतरी सांगतं, "जाड स्पोक घाला, कटकट मिटेल." ती मिटत नाही, कारण चूक स्पोकच्या जाडीत नसून निवडीच्या क्रमात असते.

हब ठरवतात तुमची फ्रेम, ब्रेक आणि गिअर. रिम ठरवतो टायर. भोकांची संख्या ठरते वजनावरून. स्पोकची लांबी या सगळ्यातून निघते आणि तिथे एका मिलिमीटरलाही किंमत असते. म्हणून स्पोक सर्वांत शेवटी घ्यायचे, हब आणि रिम प्रत्यक्ष हातात आल्यावर.

१. खरेदीच्या आधी कागदावर सहा गोष्टी लिहा

डिजिटल व्हर्नियर लागेल. शिवाजी उद्यमनगरात, शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत ओळखीचं कुणी असेल तर दोन दिवसांसाठी मागून आणा. या शहरात ते अवघड नाही. शाळेच्या प्लास्टिक पट्टीवर हे काम होत नाही.

लिहायचं ते असं:

- फ्रेमच्या मागच्या दोन खाचांमधलं आतलं अंतर. रिम ब्रेकच्या रोड सायकलला सहसा १३० मिमी, क्विक रिलीजच्या (दांडी उलटवून चाक सुटणाऱ्या) हायब्रिड आणि एमटीबीला, म्हणजे डोंगरी सायकलला, १३५, थ्रू ॲक्सलच्या (हबमधून आरपार जाणाऱ्या जाड ॲक्सलच्या) रोड आणि ग्रॅव्हल सायकलला १४२, बूस्ट, म्हणजे जास्त रुंद हबच्या एमटीबीला १४८. पुढे सहसा १००, बूस्टला ११०.
- ब्रेक रिमवर लागतो की डिस्कवर. डिस्क असेल तर रोटर, म्हणजे ब्रेकची चकती, सहा बोल्टची की एकाच रिंगने आवळायची, सेंटरलॉक.
- मागे किती गिअर आहेत आणि ते कॅसेट आहे की आट्यांवर फिरवून बसवलेलं फ्रीव्हील.
- कोणत्या रुंदीचा टायर घालणार.
- तुमचं वजन अधिक सामान. कॅरिअरवर पिशव्या लावणार असाल तर त्याही धरा.
- सायकल खरोखर कुठे चालते. रंकाळ्याभोवतीच्या फेऱ्या वेगळ्या आणि दर रविवारी वाघबीळवरून पन्हाळा किंवा जोतिबा वेगळा. करूळ घाट उतरणारं चाक आणखी वेगळं.

पुढे उदाहरणासाठी एकच सायकल धरतो: डिस्क ब्रेकची हायब्रिड, मागे १३५ मिमी, ८ गिअरची कॅसेट, ३५ मिमीचा टायर, चालवणारा ७८ किलोचा. रविवारी पन्हाळा, अधूनमधून गगनबावडा.

सावधान: १३५चा हब १३०च्या फ्रेममध्ये ताणून बसवू नका. ॲल्युमिनियम आणि कार्बनची फ्रेम ताणायची नसते. बसला तरी चाक सरळ राहत नाही आणि फ्रेमला तडा जाऊ शकतो.

२. हब

फ्रेमचं अंतर आणि ब्रेक जुळले की पुढे पाहायची ती फ्रीहब बॉडी, म्हणजे कॅसेट जिच्यावर सरकते तो खाचांचा भाग. ८, ९ आणि १० गिअरच्या शिमानो कॅसेट नेहमीच्या एचजी बॉडीवर बसतात. ११ गिअरच्या रोड कॅसेटला १.८५ मिमी लांब बॉडी लागते. त्या लांब बॉडीवर ८ किंवा ९ची कॅसेट घालायची तर मागे १.८५ मिमीची चकती टाकावी लागते. सर्वांत लहान दातचक्र १० दातांचं असेल तर एक्सडी किंवा मायक्रो स्प्लाइन बॉडी लागते आणि ती एचजीऐवजी चालत नाही. बॉडी चुकली की बाकी सगळं बरोबर असूनही चाक निरुपयोगी, म्हणून दुकानदाराला हा प्रश्न सर्वांत आधी विचारा.

स्वस्त हायब्रिडना ७ गिअरचं आट्यांचं फ्रीव्हील असतं. नवीन चाक बांधताना तोच प्रकार पुन्हा घेऊ नका. त्या रचनेत उजवीकडचं बेअरिंग फ्रीव्हीलच्या आतल्या बाजूला राहतं, ॲक्सलचं टोक आधाराविना लांब बाहेर येतं आणि खड्ड्यात आपटलं की वाकतं. कॅसेटचा हब घ्या. ७ची कॅसेट ८-९-१०च्या बॉडीवर ४.५ मिमीच्या चकतीसह बसते, त्यामुळे शिफ्टर बदलावा लागत नाही.

बेअरिंगबद्दल मत विचाराल तर आपल्याकडच्या पावसात मी सीलबंद कार्ट्रिज बेअरिंगच्या बाजूचा आहे. गगनबावड्याच्या वाटेवर चाकाच्या मध्यात जे लाल पाणी शिरतं, ते कोन-कपच्या, म्हणजे सुटे छरे कप आणि शंकूसारख्या कोनमध्ये फिरतात अशा हबमध्ये पोचलं आणि तसंच राहिलं तर कपाला खड्डे पडतात. कोन बदलता येतो, कप सहसा येत नाही, म्हणजे हबच गेला. कार्ट्रिज बिघडलं तर ठोकून काढायचं आणि नवं दाबून बसवायचं. घेण्याआधी बेअरिंगवरचा नंबर वाचा. ६०००, ६००१, ६९०२ असे नंबर असतील तर ते सर्वसाधारण औद्योगिक आकार आहेत आणि यंत्रांची बेअरिंगं विकणाऱ्या दुकानात मिळतात. मागताना दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं, २आरएस, असं सांगून मागा. कोन-कपचा चांगला हब वाईट नाही, तो गुळगुळीत फिरतो आणि वर्षानुवर्षं टिकतो, पण पावसाळ्यापूर्वी आणि नंतर उघडून, छरे पुसून नवं ग्रीस भरणाऱ्यालाच तो शोभतो.

स्ट्रेट पुल स्पोकचे हब दिसायला देखणे असतात. तरीही वाक असलेल्या साध्या, जे-बेंड स्पोकचाच हब घ्या. आडगावात स्पोक तुटला तर जे-बेंड कुठेतरी मिळेल.

तपासणी: हबवर भोकांची संख्या कोरलेली नसेल तर एका फ्लँजची, म्हणजे स्पोक अडकतात त्या हबच्या एका बाजूच्या कडेची, भोकं मोजून दुप्पट करा. हीच संख्या रिमची हवी.

३. रिम

पहिला आकडा व्यास. ७००सी आणि २९ इंच या दोन्हींचा बैठक-व्यास, म्हणजे टायरचा काठ रिमवर बसतो तिथला व्यास, ६२२ मिमी, २७.५ इंचाचा ५८४, २६ इंच एमटीबीचा ५५९. जुन्या २८ x १½ सायकलचा ६३५. ‘२८’ या आकड्यावर कधीही विसंबू नका. ७००सीच्या टायरवरही २८ लिहिलेलं असतं आणि तो ६३५च्या रिमवर बसत नाही. टायरच्या बाजूला ३५-६२२ अशी जोडी छापलेली असते, ती वाचा.

दुसरा आकडा आतली रुंदी. जाहिरातीत बाहेरची रुंदी सांगतात, तुम्हाला हवी ती टायर ज्यात बसतो ती आतली. २५ ते ३२ मिमीच्या टायरला १७ ते १९ मिमी, ३५ ते ४०च्या टायरला १९ ते २३ ठीक. ऊस हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी कडा उखडलेले रस्ते आणि शेतातून आलेला चिखल लक्षात घेता शक्य तितका रुंद टायर आणि त्याला साजेशी रिम घ्या. रिम वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय टायरची रुंदी हाच आहे.

तिसरी गोष्ट बांधणी. डबल वॉल, म्हणजे आत दोन थर असलेलीच घ्या. सिंगल वॉल रिमवर स्पोक पुरेसे ताणताच येत नाहीत, आणि ताण नसला तर चाक टिकत नाही. काठाला हुक नसलेल्या हुकलेस रिम मात्र सोडा. त्यांना खास मान्यता असलेलेच टायर चालतात आणि दाबाची मर्यादा ५ बार, म्हणजे साधारण ७२ पीएसआय असते. पेट्रोल पंपावरच्या हवेच्या नळीने ती ओलांडायला वेळ लागत नाही.

रिम ब्रेक असेल तर ब्रेक लागतो ती बाजू मशीनने सपाट केलेली हवी. रिम ब्रेकसाठी कार्बन रिम आपल्या घाटांत नकोच. भुईबावडा किंवा आंबा घाटाच्या लांब उतारावर सतत ब्रेक दाबल्याने ती तापते, आणि ओली असताना ब्रेक उशिरा धरतो.

मागच्या चाकासाठी एका बाजूला भोकं सरकवलेली, असममित रिम मिळाली तर जरूर घ्या. मागच्या चाकात उजवीकडे कॅसेट असल्याने उजवा फ्लँज मध्याजवळ येतो. त्यामुळे उजवे स्पोक जवळजवळ उभे आणि खूप ताणलेले राहतात, डावे तिरके आणि सैल. आपल्या उदाहरणात उजवा फ्लँज मध्यापासून २० मिमी आणि डावा ३४ मिमी आहे, म्हणजे डाव्या स्पोकचा ताण उजव्याच्या सुमारे ५९ टक्केच येणार. भोकं डावीकडे ३ मिमी सरकलेली असतील तर हिशोब २३ आणि ३१ होतो, आणि डावा ताण ७४ टक्क्यांवर जातो.

सावधान: असममित रिम उलटी बसवली तर हाच फरक उलट वाढतो. मागच्या चाकात भोकांची रांग कॅसेटच्या विरुद्ध बाजूला, पुढच्या डिस्क चाकात रोटरच्या विरुद्ध बाजूला. मिस्त्रीकडे देताना रिमवर मार्करने ‘कॅसेट इकडे’ असं लिहूनच द्या.

व्हॉल्व्हचं भोक शेवटी बघा. प्रेस्टाला ६.५ मिमी, मोटारसायकलसारख्या श्रेडरला ८.५.

४. किती भोकं, किती क्रॉस

इथे फार विचार नको. ८० किलोपर्यंत, सामान नाही, रोड सायकल: पुढे २८, मागे २८ किंवा ३२. हायब्रिड, ग्रॅव्हल किंवा ८० ते ९५ किलो: दोन्हीकडे ३२. त्याहून जास्त वजन किंवा कॅरिअरवर ओझं: मागे ३६. शंका असेल तर जास्त भोकं घ्या. चार स्पोकचं वजन किरकोळ असतं, आणि ३२चं चाक एक स्पोक तुटूनही घरापर्यंत येतं.

विणकाम तीन क्रॉस, म्हणजे प्रत्येक स्पोक हब ते रिम या वाटेत तीन स्पोकना छेदतो. स्पोक सरळ, न छेदता भरणं दिसायला छान, पण डिस्क ब्रेकच्या चाकात आणि मागच्या कॅसेटच्या बाजूला ते चालत नाही. ब्रेक आणि पेडलचा पीळ हबमधून रिमपर्यंत नेण्याचं काम तिरके स्पोक करतात. डिस्क असेल तर पुढच्या चाकालाही हाच नियम लागू.

५. स्पोकची जाडी: सर्वांत जास्त चुकणारी पायरी

‘जाड म्हणजे मजबूत’ हा समज इतका पक्का आहे की चांगले मिस्त्रीही १३ नंबरचा, म्हणजे २.३ मिमीचा स्पोक सुचवतात. स्पोक तुटतो कसा हे पाहिलं की हा उपाय का फसतो ते कळतं.

बांधलेल्या चाकात सगळे स्पोक आधीच ताणलेले असतात. तुम्ही बसलात की जमिनीजवळच्या दोनचार स्पोकचा ताण कमी होतो आणि चाक पुढे फिरलं की परत येतो. प्रत्येक फेरीला प्रत्येक स्पोक एकदा सैल, एकदा ताठ. मूळ ताण पुरेसा असेल तर तो थोडासा सैलावतो, इतकंच. ताण कमी असेल तर तो पूर्ण ढिला पडतो, हबच्या भोकात हलतो आणि वाकाच्या जागी धातू थकत जातो. स्पोक ओझ्याने ओढून तुटत नाही, ढिला होऊन होऊन तुटतो.

म्हणून हवा तो थोडा लवचीक स्पोक. दोन्ही टोकांना २.० मिमी आणि मध्ये १.८ मिमी अशा बटेड स्पोकचा मधला भाग त्याच ताणावर साध्या २.० मिमीपेक्षा सुमारे २३ टक्के जास्त ताणला जातो. खड्ड्यात रिम दबली तरी त्याच्यात ताण शिल्लक राहतो. टोकं जाड असल्याने वाक आणि आटे मजबूतच असतात. सापिम रेस आणि डीटी स्विसचा कॉम्पिटिशन हे या मापाचे परिचित स्पोक.

उदाहरणातल्या सायकलला मी दोन्ही चाकांत २.०-१.८-२.० घालीन. वजन ९५च्या वर असेल तर मागे उजवीकडे वाकाजवळ २.३ मिमी जाड असलेला बटेड स्पोक घालता येईल, डावीकडे मात्र २.०-१.८-२.०च ठेवा, कारण सैल राहणारी बाजू तीच. मध्ये १.५ मिमीचे स्पोक हलक्या माणसाच्या पुढच्या चाकाला ठीक, पण आटताना ते पिळतात आणि सवय नसलेल्या हाताला आउट काढणं, म्हणजे चाकाचं डोलणं घालवणं, जड जातं. बजेट नसेल तर एकसारखा २.० मिमीचा स्टेनलेस स्पोक चालेल. गॅल्व्हनाइज्ड मात्र पावसात ठेवू नका.

स्टेनलेस ओळखायला लोक चुंबक लावतात. त्यावर भरवसा नको. तार ओढून बनवताना स्टेनलेसलाही थोडं चुंबकत्व येतं, त्यामुळे चांगला स्पोकही हलका चिकटतो. डोक्यावरची कंपनीची खूण आणि पाकिटावरचं माप पाहा.

निपल, म्हणजे रिमच्या भोकात बसून स्पोक ताणणारे छोटे नट, पितळेचे, १२ मिमी. ॲल्युमिनियमचे हलके असतात, पण दमट हवेत आटे धरतात आणि दोन वर्षांनी पान्ह्याखाली गोल होतात.

६. मोजमाप: हातातल्या भागांचंच

इंटरनेटवरचे आकडे पडताळायला ठीक, विकत घ्यायला नाही.

रिमसाठी दोन जुने स्पोक घ्या आणि आट्याच्या टोकापासून बरोबर २०० मिमीवर काटकोनात कापा. लेथवर काम करणारा कुणीही हे पाच मिनिटांत करून देईल. दोन्हींवर निपल इतके चढवा की स्पोकचं टोक निपलच्या स्क्रूड्रायव्हरच्या खाचेच्या तळाशी यावं. समोरासमोरच्या भोकांतून आत घालून ताठ ओढा आणि मधली फट मोजा. फट अधिक ४०० म्हणजे रिमचा कामाचा व्यास. तीन वेगवेगळ्या जागी मोजून सरासरी घ्या. आपल्या उदाहरणात फट २००, म्हणजे व्यास ६००.

हबच्या फ्लँजवर समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर हवं. एकाच्या डाव्या कडेपासून समोरच्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजलं की तेच मिळतं. समजा ४५. मग लॉकनटच्या (फ्रेमला टेकणाऱ्या ॲक्सलवरच्या शेवटच्या नटच्या) बाहेरच्या पृष्ठापासून प्रत्येक फ्लँजच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा आणि हबच्या निम्म्या रुंदीतून वजा करा. १३५चं निम्मं ६७.५, उजवीकडे ४७.५ आलं तर उरले २०, डावीकडे ३३.५ आलं तर उरले ३४.

तपासणी: तीन वेळा मोजा. रिमच्या व्यासात २ मिमीची चूक झाली तर स्पोकमध्ये १ मिमीची होते.

७. लांबीचा हिशोब

फोनचा कॅल्क्युलेटर पुरतो. रिमच्या निम्म्या व्यासाचा वर्ग, फ्लँजच्या निम्म्या व्यासाचा वर्ग आणि मध्यापासूनच्या अंतराचा वर्ग यांची बेरीज करा. मग रिमचा निम्मा व्यास गुणिले फ्लँजचा निम्मा व्यास गुणिले २ गुणिले कोनाचा कोसाइन, एवढं वजा करा. वर्गमूळ काढा आणि त्यातून हबच्या भोकाचा निम्मा व्यास वजा करा.

तीन क्रॉससाठी कोसाइन असे: ३२ भोकांना ०.३८२७, ३६ला ०.५, २८ला ०.२२२५.

उजवी बाजू: ९०००० + ५०६.२५ + ४०० = ९०९०६.२५. वजा ५१६६.४५. वर्गमूळ २९२.८. भोक २.६ मिमीचं असेल तर वजा १.३, म्हणजे २९१.५. डावीकडे २०ऐवजी ३४ घातले की २९२.८.

स्पोक २ मिमीच्या टप्प्यांत मिळत असतील तर दोन्हीकडे २९२ चालेल. उजवीकडे अर्धा मिलिमीटर जास्त, डावीकडे जेमतेम एक कमी. ‘डावा नेहमी २ मिमी लांब’ हा ऐकीव नियम इथे फसला असता. टप्पे १ मिमीचे असतील तर २९१ आणि २९३ घ्या.

सावधान: लांब स्पोकचे आटे ताण येण्याआधीच संपतात आणि टोक निपलबाहेर येऊन रिम टेपला टोचतं. आखूड स्पोक निपलच्या डोक्यापर्यंत पोचत नाही, मग निपल डोक्यातूनच तुटतो.

८. मिस्त्रीकडे देताना काय सांगायचं

रिमच्या कंपनीने दिलेली ताणाची कमाल मर्यादा कागदावर लिहून द्या. पुष्कळ रिमना ती ११० ते १३० किलोच्या आसपास असते. उजव्या स्पोकचा ताण त्या मर्यादेच्या किंचित खाली हवा. डावीकडे जो येईल तो येऊ द्यायचा. दोन्ही बाजू सारख्या करायला गेलं की चाक मध्यातून सरकतं. एकाच बाजूच्या स्पोकमधला फरक मात्र दहा टक्क्यांच्या आत असावा, आणि ‘हाताला घट्ट लागतंय’ यावर न थांबता टेन्शन मीटरने मोजलेला असावा. मीटर नसेल तर निदान एका बाजूचे सगळे स्पोक छेडून आवाज सारखा येतो का ते ऐकायला सांगा.

आटे आणि निपलच्या बुडाला तेलाचा थेंब हवा. आउट काढून झाल्यावर समांतर स्पोकच्या जोड्या हातमोजे घालून जोरात दाबायच्या, सगळ्या, दोन्ही बाजूंनी, आणि पुन्हा आउट काढायचं. गडबडीत हीच पायरी गाळली जाते. ती झाली नाही तर स्पोकचा वाक फ्लँजवर नीट बसत नाही. बसल्यावरही वाक आणि फ्लँजमध्ये फट दिसत असेल तर डोक्याखाली बारीक पितळी वॉशर घालायला सांगा.

चाक ताब्यात घेताना ते फ्रेममध्ये लावून रिम आणि दोन्ही बाजूंच्या नळ्यांमधलं अंतर पाहा, मग काढून उलटं लावून पुन्हा पाहा. फरक दिसला तर डिश चुकली आहे, म्हणजे रिम हबच्या बरोबर मध्यात नाही. डिस्कचं मागचं चाक उलटं लावताना आधी रोटर आणि कॅसेट काढावी लागते. बाजूचं डोलणं अर्ध्या मिलिमीटरच्या आत हवं.

पहिल्या दोनतीन राइडनंतर चाक पुन्हा दाखवा. स्पोक घेताना प्रत्येक लांबीचे दोन जास्तीचे घ्या, निपलसह. ते चेनस्टेला, म्हणजे मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या खालच्या नळीला, टेपने चिकटवून ठेवा आणि लांबी, जाडी, रिमचा व्यास यांची चिठ्ठी घरी हबच्या बिलाला टाचून ठेवा.